पडद्यावरची एक रेघ

बंद पडलेल्या सिनेमागृहात सकाळी नऊ वाजता दोनशे माणसं येऊन बसली होती आणि कुणाचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. साथीचे दिवस होते. मास्क लावल्याशिवाय घराबाहेर पडायची बंदी होती, आणि ही बंदी या दोनशे जणांच्या चांगलीच पथ्यावर पडली होती. जो आजार नवऱ्याने बायकोपासून आणि बायकोने शेजारणीपासून वर्षानुवर्षं लपवला, त्या एचआयव्हीची माणसं आज एका छपराखाली उजळ माथ्याने बसली होती. नाव विचारायचं नाही, नंबरावर काम. तिकिटाच्या खिडकीतून नंबराची चिठ्ठी आणि कागदी पेला घ्यायचा, स्वच्छतागृहात जाऊन पेल्यात लघवी भरायची आणि आपला नंबर येईपर्यंत पेला मांडीवर सांभाळत बसायचं.

पडद्यापुढे रेघबाबा उभा होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. विज्ञानवाल्यांसाठी एक सोय आणि भाविकांसाठी दुसरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस एका औषधाच्या गोदामात खोकी उचलत होता, पण ते कुणाला आठवत नव्हतं. आठवलं असतं तरी फरक पडला नसता. बोलणाऱ्याची माती विकते, आणि हा तर बोलण्यातला बादशहा होता.

"तुमच्या त्या केंद्रात काय सांगतात? रोज गोळी घ्या, जन्मभर घ्या. मी विचारतो, जे औषध बरं करतं ते जन्मभर घ्यावं लागतं का? पाय मोडला तर जन्मभर प्लास्टर घालून फिरता का? माझा अर्क एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी रोग मुळासकट बाहेर. आणि बाहेर कुठून पडणार? जिथून सगळी घाण पडते तिथूनच. म्हणून मी रक्त काढत नाही, कुणाला सुई टोचत नाही. जे बाहेर पडतं तेच तपासतो."

अट एकच होती. केंद्राच्या गोळ्या आणून त्याच्या बादलीत टाकायच्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं तो म्हणे. गोळ्या पाण्यात विरघळून बादली पांढरी झाली की तो ती सगळ्यांना दाखवी आणि विचारी, हे विष इतके दिवस पीत होता का?

"नंबर सत्तेचाळीस," बाबाच्या मेव्हण्याने पुकारलं.

मेव्हण्याने पेला घेतला, त्यात एक कागदी पट्टी बुडवली आणि कॅमेऱ्याखाली ठेवली. सिनेमाच्या पडद्यावर ती पट्टी माणसाच्या उंचीची झाली. दोनशे माणसं श्वास रोखून बघू लागली. पांढऱ्या पट्टीवर ओल चढत गेली आणि एक लाल रेघ उमटली. दुसरी आली नाही. मिनिट गेलं, दोन गेली, दुसरी आलीच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्तेचाळीस नंबर म्हणजे एक ट्रकवाला होता. तो खाली बसून ढसाढसा रडला आणि शेजारी बसलेल्या आईच्या गळ्यात पडला.

अठ्ठेचाळीस नंबर त्याच्या बायकोचा. ती मास्क शिवायच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिची पट्टी पडद्यावर चढली, ओल वर सरकली, एक रेघ आली. मग दुसरी आली, पहिलीपेक्षा ठळक.

बाबाने पट्टीकडे पाहिलं, मग शिवणवालीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि क्षणभर थांबला. नंतर मान हलवत म्हणाला, "अर्क खोटा नसतो, ताई. शरीरात पाप दडवलं असेल तर अर्क काय करणार? नवरा स्वच्छ झाला. तुम्ही मात्र त्याला पुन्हा घाण करणार."

सासूने तिथल्या तिथे मोठ्याने विचारलं की कुणाबरोबर शेण खाल्लंस ते सांग. ट्रकवाल्याने बायकोच्या दंडाला धरून तिला रांगेतून बाहेर ढकललं. ज्या नवऱ्याकडून हा आजार तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आला होता, तो आता तिच्यापासून चार हात लांब उभा राहून हाताला सॅनिटायझर चोळत होता. बाबाने पुढचा नंबर पुकारायला सांगितला.

हे सगळं रक्तवाल्या बाईंना कळलं ते तिसऱ्या दिवशी.

रक्तवाल्या बाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही केंद्राच्या तंत्रज्ञ. अठरा वर्षं एका खोलीत बसून लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढत आल्या होत्या. रिपोर्ट हातात देऊन माणसाला वाटेला लावायचं, हे त्यांना पटत नसे. प्रत्येकाला तपासणीची पट्टी समोर ठेवून दाखवायच्या, समजावायच्या, मगच कागद द्यायच्या. एक रेघ आली तर आजार नाही, दोन आल्या तर आहे. पहिली रेघ फक्त पट्टी चालू आहे एवढंच सांगते, हेही त्या पूर्वी सांगत. पण ते कुणाच्या डोक्यात शिरत नसे, म्हणून पुढे पुढे त्यांनी तेवढं वाक्य गाळून टाकलं. समजायला सोपं पडावं म्हणून.

साथ आली आणि बाईंना उचलून शाळेच्या मैदानात नाकातले नमुने घ्यायला बसवलं. केंद्राच्या खोलीत संरक्षक पोशाखांची खोकी रचली गेली आणि दारावर कुलूप व कागद लागला: पुढील सूचनेपर्यंत बंद. बाईंनी मोठ्या साहेबांकडे दोनदा अर्ज केला. दिवसाला एक तास खोली उघडू द्या, तीनशे माणसांच्या गोळ्या संपत आल्यात. साहेब म्हणाले की सध्या देशात एकच आजार आहे. बाईंनी विचारलं की बाकीच्या आजारांना हे कुणी कळवलंय का. त्यावर साहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं, आणि तिसरा अर्ज बाईंनी केला नाही. कंटाळल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पोशाखात दिवसभर उकडून निघाल्यावर माणसाला घरी जावंसं वाटतं, तसं त्यांना वाटलं. रुग्णांचे फोन आले की त्या सांगत, सध्या केंद्राकडे येऊ नका, वरून आदेश आहे.

शिवणवाली नमुन्याच्या रांगेत उभी राहून त्यांच्यापर्यंत आली. ताप नव्हता, खोकला नव्हता. बाई कुठे भेटतील हे विचारल्यावर कुणीतरी सांगितलं होतं की रांगेत उभी राहा, टोकाला त्याच आहेत.

"बाई, यांची एक आली, माझ्या दोन आल्या," ती म्हणाली. "मी काही केलं नाही हो. अर्क एक दिवस चुकवला नाही. मला कोळशाच्या खोलीत झोपवतात, ताट वेगळं केलंय. तुम्हीच एकदा बघा."

तिने रुमालाची गाठ सोडून ती पट्टी पुढे केली. बाबाच्या मेव्हण्याने कचऱ्यात टाकली होती, तिथून तिने उचलून आणली होती. स्वतःच्या बदनामीचा पुरावा सांभाळून ठेवायची बुद्धी तिला का झाली, कोण जाणे. पण झाली म्हणून ही गोष्ट पुढे गेली.

बाईंनी पट्टी उजेडात धरली. त्यांच्या पट्टीला प्लॅस्टिकची चौकट असते, रक्ताचा थेंब टाकायला खळगा असतो. ही नुसती कागदाची चिंधी होती.

"रक्त कुठून काढलं त्याने?"

"रक्त नाही. लघवीत बुडवतात."

बाईंनी पट्टी पुन्हा उलटसुलट करून पाहिली. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली होती. त्यांनी शिवणवालीला जवळ बोलावून हलक्या आवाजात विचारलं, "पाळी कधी आली होती?"

ती गोंधळली. पाळीचं तिचं कायम मागेपुढे व्हायचं, त्यात अर्काने पोट बिघडलेलं, म्हणून तिने लक्षच दिलं नव्हतं. बोटांवर दिवस मोजता मोजता तिचा हात थांबला.

सांगायला नको, ती पट्टी कसली होती. कोणत्याही औषधाच्या दुकानात मूठभर मिळते ती, बायका घरी दिवस गेलेत का बघायला आणतात ती. वरचं वेष्टन मेव्हणा तिकिटाच्या खोलीतच फाडून टाकायचा. पोटात मूल नसलं की एक रेघ. मग समोर ट्रकवाला असो, पैलवान असो की साठीची म्हातारी, सगळ्यांना एकच रेघ. अख्ख्या गावातल्या पुरुषांना त्या पट्टीने एवढंच सांगितलं होतं की बाबांनो, तुम्ही गरोदर नाही. आणि पुरुष त्यावर टाळ्या वाजवत होते.

बाईंना आधी हसू आलं. मग आठवलं की एका रेघेला लोक निरोगीपण समजतात ते आपणच शिकवलं म्हणून, आणि हसू जागच्या जागी विरलं. आजार असल्याचा केंद्राचा शिक्क्याचा कागद लोकांकडे होताच. बाबाला फक्त दुसरा, एका रेघेचा कागद दाखवायचा होता. अर्धं काम बाईंनी करून ठेवलं होतं, उरलेलं त्याने केलं.

त्या दुपारी बायकांच्या वॉर्डात तपासणी झाली. तिसरा महिना सरत आला होता. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की गोळ्या आजच्या आज सुरू करा. बाळंतपणापर्यंत एकही दिवस चुकला नाही तर मूल वाचेल, चुकला तर आईचा आजार मुलाला जाऊ शकतो. बाईंनी रखवालदाराकडून किल्ली घेतली, पोशाखांची खोकी बाजूला लोटली आणि कपाटातून गोळ्यांची बाटली काढून तिच्या हातात दिली. कुणाचीही परवानगी घेतली नाही. पहिली गोळी तिने तिथेच उभ्याने घेतली.

"आता यांचं काय?" तिने विचारलं. "ते तर बरे झालोय म्हणून नाचतायत."

दुसऱ्या दिवशी बाई नमुन्यांचं टेबल सोडून सिनेमागृहात गेल्या. दारावर पाटी होती, त्यावर बाबाचे नियम: मद्यपान करून येऊ नये, केंद्राच्या गोळ्या सोबत आणाव्यात, गर्भवतींना प्रवेश नाही. बाईंनी तिसरा नियम दोनदा वाचला. मास्कमुळे त्यांना कुणी ओळखलं नाही. खिडकीतून नंबर घेतला, स्वच्छतागृहात गेल्या, नळाखाली पेला भरला आणि चिमूटभर हळद टाकून ढवळला.

"नंबर एकतीस."

पडद्यावर एक रेघ उमटली. बाबाने हात वर केले. एकतीस नंबरच्या रक्तातला रोग कसा पळाला, मुळं कशी सुटली, हे तो रंगवून सांगू लागला. तो दमल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी मास्क खाली केला.

"तो पेला नळाच्या पाण्याचा आहे," त्या म्हणाल्या. "नळालाही एचआयव्ही होता का?"

रक्तवाल्या बाई आल्यात, अशी कुजबुज खुर्च्याखुर्च्यांतून धावली. मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा मात्र मुरलेला होता. क्षणभर डोळे मिटून तो म्हणाला की या वास्तूत शिरलेलं पाणीसुद्धा शुद्ध होतं, बाईंनी नकळत स्वतःच ते सिद्ध करून दिलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना वाटलं होतं की इथेच सगळं संपेल. अठरा वर्षांत त्यांना माणसाचं रक्त कळलं होतं, माणूस कळायचा राहिला होता.

त्यांनी पिशवीतून औषधाच्या दुकानातून आणलेलं बंद पाकीट काढलं. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. ते कॅमेऱ्याखाली ठेवून त्यांनी पडद्यावर मोठं करून दाखवलं, मग फाडलं. आतून तीच पट्टी निघाली. मग एक झाकणाची बाटली काढली. आत वॉर्डातल्या परिचारिकेची लघवी होती, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चौथा महिना, रक्ताची तपासणी आठवड्यापूर्वी झालेली, एचआयव्ही नाही. मेव्हण्याच्याच ढिगातली पट्टी त्यात बुडवली. पडद्यावर दोन रेघा उभ्या राहिल्या.

"हिला रोग आहे," बाबा ओरडला.

"मग दारावर गर्भवतींना बंदी कशाला? तुमचा अर्क त्यांचं काय वाकडं करतो?"

बाबाने तोंड उघडलं, पण आवाज मागच्या रांगेतून आला. शिवणवाली उभी होती. तिने मास्क काढला होता. ज्या सभागृहात तिला हाकललं, तिथे ती आपल्या पायांनी परत आली होती.

"मी अठ्ठेचाळीस नंबर," ती म्हणाली. "माझ्या दोन रेघा आल्या तेव्हा इथे फक्त या बाबांनाच ठाऊक होतं की मला दिवस गेलेत. ते माझ्याकडे बघून थांबले होते. मला म्हणू शकले असते, ताई, घरी जा, गोळ्या घे. त्यांनी मला पापी म्हटलं. पट्टीचं गुपित राहावं म्हणून माझं पोरही मेलं तरी त्यांना चाललं असतं."

आता टाळी वाजली नाही. बाईंनी खरी तपासणीची पेटी उघडली आणि सांगितलं की आडोशाला या, बोटाला सुई टोचते, वीस मिनिटांत खरं काय ते दाखवते. पहिली रेघ कशाची आणि दुसरी कशाची, तेही या वेळी नीट सांगते. दोनशे माणसांतून कोणी हललं नाही. फसलो हे कळणं एक, आणि सुईसाठी बोट पुढे करणं वेगळं. मग एक म्हातारा गवंडी उठला. त्याच्या मागून चौघं-पाचजण उठले. दुपारपर्यंत बावन्न जणांनी रक्त दिलं. बावन्नही जणांच्या दोन रेघा.

बरा झालो म्हणून मिरवायला ट्रकवाला आईसह सभागृहात आला होता, पण त्या बावन्नांत तो नव्हता. बायको त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, आजचा दिवस चला म्हणाली. तो म्हणाला, "माझी एक आलीय. तुझी पट्टी पोराची असेल, माझी कशी असेल? मला काय पोर होणार होतं?" आणि आपण काय बोललो हे न कळताच तो आईला घेऊन निघून गेला.

बाबाला पोलिसांनी धरलं, पण फसवणुकीसाठी नव्हे. साथीच्या काळात गर्दी जमवली म्हणून. आठ दिवसांनी तो सुटला आणि दुसऱ्या गावी गेला. तिथे लोक त्याला काय म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नाही. बाईंना नोटीस आली: नमुन्यांचं टेबल विनापरवानगी सोडल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी खुलाशात लिहिलं की रेघबाबाचं दार रोज सकाळी नऊला उघडत होतं आणि आपलं बंद होतं. लोक दार उघडं असेल तिकडे जातात. मीही सांगत होते, येऊ नका. ती चूक माझी, कुलपाची चूक आपली. साहेबांनी उत्तर दिलं नाही, पण दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली रोज दोन तास टेबल मांडायला हरकत घेतली नाही. तिथून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. ज्यांना येता येत नव्हतं, त्यांच्या दारात दूधवाला साध्या कागदी पुडीत गोळ्या टाकू लागला. टाळेबंदीतही त्याला फिरायची मुभा होती, आणि पुडीत काय आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही.

बायकोला आठवा महिना चालू असताना ट्रकवाला गेला. त्याच्या अंगातल्या लढणाऱ्या पेशी आधीच कमी होत्या, त्यात सहा महिने गोळी नाही. फुप्फुसं भरली. साथीच्या वॉर्डात नेलं तर नाकातला नमुना साफ निघाला. शेवटपर्यंत तो डॉक्टरांना सांगत होता की मला तो आजार नाही, माझी एक रेघ आलेली आहे, दोनशे लोकांनी बघितलंय.

महिन्याभराने शिवणवालीला मुलगी झाली. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले. साथीमुळे रिपोर्ट यायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस शिवणवालीने कसे काढले हे तिलाच माहीत. नंतरच्या दोन्ही तपासण्याही झाल्या, शेवटची दीड वर्षांची झाल्यावर. मुलीला आजार नव्हता.

शेवटचा रिपोर्ट घ्यायला जिन्याखालच्या टेबलापाशी सासूही आली होती. मुलगा गेल्यावर तिला सुनेशिवाय कोणी उरलं नव्हतं. बाईंनी कागद वाचून दाखवला, तेव्हा म्हातारीने नातीला छातीशी घेतलं, डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाली, "बाबांचीच कृपा. पोटात असताना त्यांचा अर्क गेला होता ना, म्हणून वाचली माझी बाय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. शिवणवालीने सासूच्या हातातून मुलीला घेतलं. ती रागावली नव्हती. हिशेब समजावून सांगावा तसं शांतपणे म्हणाली, "आई, तोच अर्क तुमच्या मुलानंही घेतला होता. एकाच बाटलीतून घेत होतो आम्ही. मी वर गोळ्या घेतल्या, त्यांनी घेतल्या नाहीत."

 म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन रडली.

वाचकहो, शिवणवाली सहावी नापास आहे. तिने जे म्हटलं त्याहून वेगळं शास्त्रज्ञही काही करत नाहीत: दोघांनी काय सारखं केलं, काय वेगळं केलं आणि शेवटी कोण उरलं, एवढंच बघतात. तुमच्या गावात कोणी चमत्कार दाखवायला लागला, तर आधी त्याच्या पेल्यात नळाचं पाणी घालून बघा. आणि ज्यांच्या हातात दवाखान्याच्या किल्ल्या आहेत त्यांनी, कितीही मोठी साथ येवो, ते एक दार बंद करू नये.